प्रॅक्टिकल सुटतात, पण वेबसाइट जमत नाही

वाचकांचे पत्र

मी सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. एचटीएमएलचा, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या भाषेचा, विषय पहिल्या वर्षी झाला, क्लायंट साइड स्क्रिप्टिंग (जावास्क्रिप्ट) आता चालू आहे आणि सर्व्हरवर चालणारी पीएचपी पुढच्या सत्रात येईल. गुण चांगले आहेत आणि मॅन्युअलमधील सगळी प्रॅक्टिकल पूर्ण करून मी सह्याही घेतल्या आहेत. तरीही एखाद्या दुकानाची वेबसाइट करून दे असे कोणी म्हटले, तर रिकाम्या फाइलमध्ये पहिली ओळ काय लिहावी हेच सुचत नाही. आम्हाला टेबल आणि फ्रेम शिकवल्या. त्या आता कोणी वापरत नाही असे यूट्यूबवर सांगतात. वर्गातील मुले चॅटजीपीटीकडून कोड घेतात. आमच्या प्रोजेक्ट गटातील बाकीच्या तिघी म्हणतात की तयार ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ विकत घेऊ. वडील म्हणतात, पुण्यात ४५ हजारांचा वेब डेव्हलपमेंटचा क्लास लाव, पैसे हप्त्याने भरू. माझे इंग्रजी बेताचे आहे, चित्रकला येत नाही आणि घरी लॅपटॉप नाही. आईचा बचत गट कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतो. त्याची वेबसाइट करावी असे मनात आहे, पण प्रोजेक्ट म्हणून तो विषय फार लहान वाटेल का? मी सुरुवात कोठून करू?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

पत्राच्या शेवटी जो प्रश्न तुम्ही बिचकत विचारला आहे, त्याचे उत्तर आधी देतो. बचत गटाचीच वेबसाइट करा. तो विषय लहान नाही आणि तो का नाही हे पुढे ओघात येईलच. क्लासचे पैसे मात्र निदान या वर्षी भरू नका. तुम्हाला जे येत नाही असे वाटते ते क्लासमध्ये शिकवले जाण्याची शक्यता कमी आहे, आणि जे शिकवले जाईल त्यातील बरेचसे तुमच्या अभ्यासक्रमात येऊन गेले आहे किंवा येणार आहे.

रिकाम्या फाइलपुढे हात अडतो याचे कारण तुमच्या बुद्धीत शोधू नका. ते प्रॅक्टिकलच्या रचनेत आहे. मॅन्युअलमध्ये उद्दिष्ट आधीच लिहिलेले असते, कोड बहुधा फळ्यावर किंवा वरच्या वर्गातील मुलांच्या फाइलमध्ये मिळतो, आउटपुट कसे दिसावे हेही ठाऊक असते आणि आपल्याला फक्त टाइप करून सही घ्यायची असते. या साऱ्यात हाताला टायपिंगची सवय होते, ठरवण्याची होत नाही. वेबसाइट करणे हे मात्र बहुतांशी ठरवण्याचेच काम आहे: वर काय यावे, खाली काय जावे, काय मुळीच घेऊ नये, माणूस पानावर आल्यावर त्याने पुढे काय करावे. हे निर्णय घेतलेले असले की कोणता टॅग (एचटीएमएलची खूण) लिहायचा हा प्रश्न फार थोडा उरतो, आणि ते घेतलेले नसले की सगळे टॅग पाठ असूनही पहिली ओळ सुचत नाही.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस संगणकाला हात लावू नका. आईजवळ आणि गटातील आणखी एक-दोघींजवळ वही घेऊन बसा आणि गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भाकरीच्या एका पाकिटात नग किती, दर काय, किती दिवस टिकते, ज्वारीची आहे की बाजरीची, चटणीत लसूण आहे का, तिखट किती, पुण्याला पार्सल पाठवता का, कमीत कमी किती घ्यावे लागते, लग्नाच्या ऑर्डरीसाठी किती दिवस आधी सांगायचे, पैसे कसे द्यायचे. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो त्याचे उत्तर पानावर सर्वांत वर. अन्नसुरक्षा नोंदणी झालेली असेल तर तिचा १४ अंकी क्रमांकही मागून घ्या. अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास बसण्यासाठी तो ‘आमच्याविषयी’ या सदरातील गोड परिच्छेदापेक्षा जास्त उपयोगी पडतो. मग वहीच्या पानावर फोनच्या आकाराचा चौकोन काढा आणि ही उत्तरे त्यात वरून खाली मांडा. चौकोन भरला की त्याच्या खाली दुसरा काढा. तुमच्या वेबसाइटचे डिझाइन ते हेच. ‘चित्रकला येत नाही’ हे वाक्य यानंतर तुम्ही पुन्हा लिहिणार नाही, अशी मला आशा आहे.

आता फाइल उघडली की पहिली ओळ सुचेल, कारण मजकूर समोर आहे. गटाचे नाव हे मुख्य शीर्षक, त्याखाली काय विकतो हे एका वाक्यात, मग दरपत्रक, मग मागणी कशी नोंदवायची, मग नेहमीचे प्रश्न, शेवटी पत्ता. एचटीएमएलमध्ये शंभराहून अधिक टॅग आहेत, पण या सगळ्या मजकुराला वीसएक पुरतात आणि ते सगळे तुम्ही पहिल्या वर्षी लिहिलेले आहेत. गंमत अशी की ज्या टेबलाला यूट्यूबवाले नावे ठेवतात, तेही इथे लागते. पदार्थ, वजन, दर अशा तीन रकान्यांचे दरपत्रक हे टेबलच आहे आणि ते टेबल टॅगमध्येच लिहिले पाहिजे. चूक टेबलात नाही. सगळ्या पानाचा सांगाडा टेबलांवर उभा करण्यात आहे. १९९० च्या दशकात तसे करणे भाग होते, कारण पानाचे रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली अधिकृत शिफारस १९९६ च्या डिसेंबरात आली आणि ब्राउझरांनी ती नीट अमलात आणायला पुढे कित्येक वर्षे लावली. तोपर्यंत दोन गोष्टी शेजारी शेजारी बसवायच्या तर टेबल हाच हुकमी उपाय होता. आज तसे पान फोनवर आडवे सरकवत वाचावे लागते आणि दृष्टिहीन माणसाला पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ते रकान्यारकान्यांनी वाचून त्याला गोंधळात टाकतो. फ्रेमसेट, म्हणजे एका खिडकीत अनेक पाने दाखवण्याची जुनी सोय, तर एचटीएमएल ५ मधून बादच झाला. परीक्षेत मात्र तो विचारला तर पाठ्यक्रमात आहे तसा लिहून मोकळे व्हा. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांशी त्यावर वाद घालून काही हाती लागत नाही.

खरी दमछाक सीएसएसमध्ये होते, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ थांबतो. समजा, भाकरी आणि चटणी यांच्या दोन चौकटी तुम्हाला शेजारी शेजारी हव्या आहेत. ६०० पिक्सेल रुंद जागा आहे, म्हणून प्रत्येकीला ३०० रुंदी दिली. मजकूर कडेला चिकटतो म्हणून दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिले, आणि १ पिक्सेलची बॉर्डर. लगेच दुसरी चौकट खाली घसरते. पुष्कळ विद्यार्थी इथे रुंदी २९०, २८०, २७० अशी कमी करत बसतात आणि एकदाची जागेवर बसली की पुढे जातात. का बसली ते कळलेले नसते. हिशेब साधा आहे. मूळच्या नियमाप्रमाणे रुंदी म्हणजे फक्त मजकुराची रुंदी, त्यामुळे ३०० मध्ये पॅडिंगचे ४० आणि बॉर्डरचे २ मिळवून एक चौकट ३४२ पिक्सेलची होते आणि दोन मिळून ६८४, म्हणजे ६०० मध्ये मावणार नाहीतच. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ ही किंमत दिली की पॅडिंग आणि बॉर्डर त्या ३०० मध्येच मोजली जातात. ही एक ओळ पाठ करून उपयोग नाही. ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा, चौकटीवर बोट ठेवा आणि आत मजकूर, पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन यांचे आकडे दाखवणारी आकृती पाहा. आकडे स्वतः बेरीज करून ताळा पाहिल्यावर सीएसएसची निम्मी भीती जाते. त्यानंतर चौकटी ओळीत मांडणारा फ्लेक्सबॉक्स शिका, आणि तो हातात बसला की ओळी-रकान्यांत मांडणारा ग्रिड. प्रमुख ब्राउझरांमध्ये ग्रिड २०१७ पासून आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तो सापडला नाही तर नवल वाटू देऊ नका.

गटाचे गिऱ्हाईक फोनवरच पान पाहणार आहे. म्हणून रचना आधी फोनच्या रुंदीची करा आणि मोठ्या पडद्यासाठी नंतर मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारे सीएसएसचे नियम) लिहून पसरवा. उलट क्रमाने काम दुप्पट होते. फाइलच्या वरच्या ‘हेड’ भागात व्ह्यूपोर्टची मेटा ओळ, म्हणजे पान फोनच्या रुंदीचे धरा असे सांगणारी ओळ, राहून गेली, तर फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून चालतो आणि सगळे आक्रसून मुंगीएवढे दाखवतो. मग वाटते की मीडिया क्वेरी चुकली. ती चुकलेली नसते.

दिसण्याबाबत तुम्हाला तीनच गोष्टी सांगतो. रंग दोनच घ्या, आणि अक्षराचा रंग पार्श्वभूमीवर पुरेसा उठतो का ते मोजून पाहा. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. पांढऱ्यावर ‘ऑरेंज’ हे नाव देऊन घेतलेला नारिंगी या कसोटीत निम्म्यालाही पोहोचत नाही, आणि मसाल्याच्या जाहिरातीत हात नेमका त्याच रंगाकडे जातो. क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये रंगाच्या चौकोनावर टिचकी मारली की हे प्रमाण दिसते. दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची: जागा शिल्लक आहे म्हणून ती भरायची नसते. तिसरी गोष्ट मराठी अक्षरांची आहे आणि ती सहसा कोणताच अभ्यासक्रम शिकवत नाही. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी बेतलेली ओळींमधली जागा मराठीला अपुरी पडते, लाइन-हाइट १.६ ते १.७ च्या आसपास ठेवून पाहा. ‘लेटर-स्पेसिंग’ देवनागरीला देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी असल्याचे सांगा. काही फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी साठवलेली असतात आणि भाषा सांगितल्यावाचून ब्राउझर हिंदी वळणे दाखवतो. मुक्त आणि पडद्यावर वाचायला सुखाचा फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या.

इथे एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो. गटाने पूर्वी हँडबिल छापले असेल तर त्याचा मजकूर डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरप्रणाली येण्याआधीच्या) फॉन्टात असण्याची शक्यता दाट आहे. तो कॉपी करून पानात टाकला की ‘कडक भाकरी’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. त्यावर फॉन्ट बदलत बसू नका. मजकूर चार पानांचा असला तरी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, किंवा फोनवर बोलून लिहून घ्या आणि तपासा.

पान तयार झाले की ते लॅबच्या संगणकात ठेवू नका. गिटहब पेजेस या सेवेवर साधी, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची वेबसाइट विनामूल्य ठेवता येते. लॅबमध्ये उत्तम चालणारे पान तिथे चढवल्यावर बहुतेकांची चित्रे गायब होतात, आणि मुले नेटला दोष देतात. कारण असे की विंडोज फाइलच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी लिपीत फरक करत नाही आणि गिटहबचा सर्व्हर करतो. कॅमेऱ्याने फाइलच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीत ‘जेपीजी’ असा केलेला असतो, तुम्ही कोडमध्ये तोच लहान लिपीत लिहिता; लॅबमध्ये फोटो दिसतो, सर्व्हरवर ती दोन वेगळी नावे ठरतात. सगळ्या फाइलींची नावे लहान लिपीत आणि मधे जागा न सोडता ठेवा. कोडमध्ये दिलेल्या फोटोच्या पत्त्यात सी ड्राइव्हचा उल्लेख आलेला नाही ना, तेही पाहा. फोनने काढलेला फोटो ४ एमबीचा असू शकतो. तसे पाच फोटो जसेच्या तसे टाकले तर २० एमबीचे पान तयार होते, आणि गावातील गिऱ्हाईक ते उघडण्याची वाट पाहणार नाही. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून पुन्हा सेव्ह केले की प्रत्येक फोटो एक-दोनशे केबीपर्यंत उतरतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

जावास्क्रिप्ट सध्या चालूच आहे, तेव्हा मॅन्युअलमधील कॅल्क्युलेटरच्या जोडीला याच पानावर मागणीचा हिशेब लिहा: भाकरीची पाकिटे किती, चटणीची किती, एकूण रक्कम काय. पहिल्याच दिवशी एक विचित्र उत्तर मिळेल. भाकरीची २ आणि चटणीची ३ पाकिटे भरल्यावर एकूण पाकिटे ५ ऐवजी २३ दिसतील. फॉर्मच्या खान्यातून येणारी किंमत हा आकडा नसून मजकूर असतो, आणि मजकुराला अधिक चिन्ह लावले की तो एकापुढे एक जोडला जातो. गुणाकारात जावास्क्रिप्ट मुकाट्याने मजकुराचा आकडा करून घेते, त्यामुळे रक्कम बरोबर येते आणि फक्त बेरीज चुकते, म्हणून दोष आणखीच कोड्यात टाकतो. आधी आकड्यात रूपांतर करा, मग मिळवा. पुस्तकातील ‘डेटा टाइप’ हा धडा अशा एका २३ मुळे कायमचा लक्षात राहतो.

आता विकतच्या प्रोजेक्टविषयी. तुमच्या मैत्रिणींना मी दोष देणार नाही. सबमिशनची तारीख, चार जणींचे चार बसमार्ग आणि लॅबचे ठरावीक तास यांत तयार वस्तू मोहात पाडते. पण ती वस्तू बहुधा किती जुनी असते ते त्यांना दाखवा. अशा कोडमध्ये डेटाबेसशी जोडणी ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ या फंक्शनने केलेली अजूनही आढळते. ते फंक्शन २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकले गेले, त्यामुळे आजचे झॅम्प (आपल्याच संगणकावर पीएचपी आणि डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर) उतरवून तो प्रोजेक्ट चालवला की पहिल्याच पानावर ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ असा फेटल एरर येतो. मग विकणाराच सांगतो की जुने झॅम्प टाका. अशा प्रोजेक्टांत पासवर्ड डेटाबेसमध्ये उघडे लिहिलेले असतात आणि फॉर्ममधून आलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवलेला असतो. म्हणजे नावाच्या खान्यात कोणी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, लिहिले तर तेच चालवले जाते. पुढच्या सत्रात पीएचपी शिकताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा ठेवणारे) आणि पासवर्ड हॅश (पासवर्ड न ओळखता येणाऱ्या रूपात साठवणारे) या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वापरा. मॅन्युअलमध्ये नसल्या तरी वापरा. एकूण रकमेचा हिशेबही पीएचपीमध्ये पुन्हा करा, कारण ब्राउझरमधून आलेली रक्कम इन्स्पेक्ट उघडून कोणालाही बदलता येते.

चॅटजीपीटी वापरावे का? समजून घेण्यासाठी अवश्य वापरा. ही चौकट खाली का घसरली, हा एरर काय म्हणतो आहे, मराठीत सांग, असे विचारले तर ते बरेचदा चांगले समजावून देते. मात्र पहिला मसुदा त्याच्याकडून घेऊ नका, कारण ठरवण्याचे जे काम तुम्हाला शिकायचे आहे तेच त्याच्याकडे जाते आणि तुम्ही पुन्हा टायपिंगवर येता. माझी कसोटी अशी आहे की जी ओळ तिथे का आहे हे तुम्हाला व्हायव्हात दोन वाक्यांत सांगता येत नाही, ती ओळ आदल्या दिवशी पुसून टाकावी. पान तरीही चाललेच, तर ती नको होती. बिघडले, तर कशासाठी होती ते कळले.

इंग्रजीची काळजी तुम्ही करता त्याहून कमी करा. लागणारे शब्द मोजके असतात आणि तेच ते पुन्हा येतात. एरर आला की घाबरून खिडकी बंद न करता त्यातील ओळ क्रमांक आणि फाइलचे नाव एवढेच आधी वाचा. चूक बहुधा त्या ओळीवर किंवा तिच्या वरच्या ओळीवर असते, आणि सुरुवातीच्या काळात ती बहुधा विसरलेला अर्धविराम किंवा न मिटलेला कंस असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे अनेक धडे मराठी आवाजात विनामूल्य आहेत. संदर्भासाठी ‘एमडीएन’ हे वेब तंत्रांची माहिती देणारे संकेतस्थळ उघडण्याची सवय लावा. त्याचे इंग्रजी सुरुवातीला जड वाटते, पण उदाहरणे वाचता येतात आणि माहिती ताजी असते. ‘फ्रीकोडकॅम्प’ या संकेतस्थळाचा फोनपासून मोठ्या पडद्यापर्यंतच्या रचनेवरचा अभ्यासक्रमही पैसे न घेता पूर्ण करता येतो.

वडिलांशी बोलताना ‘मला शिकायचे नाही’ असा त्यांचा समज होऊ देऊ नका. मुलीच्या शिक्षणावर हप्ते काढायला ते तयार आहेत, ही गोष्ट लहान नाही. त्यांना सांगा की ४५ हजारांच्या निम्म्याहून कमी रकमेत कार्यालयातून निघालेला, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप मिळतो, आणि आत्ता अडते आहे ते तिथेच. लॅबमध्ये आठवड्यातून काही तास मिळणारा हात आणि घरी रोज तासभर बसणारा हात यांत फरक पडतोच. लॅपटॉप येईपर्यंत फोनवर कोड लिहिण्याची अ‍ॅप आहेत. कोनी कंस टाइप करताना बोटे त्रासतात, पण किरकोळ दुरुस्त्या होतात. पदविका संपल्यावरही क्लास हवासा वाटला तर जरूर विचार करा, फक्त तेव्हा दोन गोष्टी पाहा. ‘हप्ता’ म्हणून ज्यावर सही घेतली जाते तो कागद अनेकदा वित्त कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचा असतो आणि क्लास सोडला तरी ते कर्ज उरते. शिवाय ‘नोकरीची हमी’ या शब्दांचा अर्थ करारात काय लिहिला आहे ते वाचल्याशिवाय पहिला रुपया देऊ नका.

राहता राहिला विषय लहान असण्याचा प्रश्न. दरपत्रकाचे एक पान एवढेच केले, तर तो खरोखरच लहान आहे. पण आईला एक प्रश्न विचारा: उद्या किती भाकरी भाजायच्या, हे आज रात्री कसे ठरते? बहुधा फोनवरच्या मागण्या वहीत, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही कोणाच्या तरी डोक्यात, आणि रात्री त्यांची बेरीज. मागण्या एका फॉर्ममधून डेटाबेसमध्ये गेल्या, तर उद्याच्या तारखेच्या सगळ्या मागण्या पदार्थवार एकत्र करून ‘ज्वारीच्या इतक्या, बाजरीच्या इतक्या, चटणी इतके किलो’ असे एक पान गटाला रोज रात्री मिळू शकते. ते करायला ग्राहक, मागणी, मागणीतील पदार्थ आणि दर अशी डेटाबेसमधील टेबले एकमेकांशी जोडावी लागतात, गटासाठी लॉगिन लागते, दर बदलले तरी जुन्या मागण्यांचे हिशेब बदलू नयेत याचा विचार करावा लागतो. अहवालात लागणाऱ्या ईआर डायग्रॅमपासून (टेबलांचे संबंध दाखवणारी आकृती) टेस्ट केसपर्यंत (तपासणीचे प्रसंग) सगळे यातून आपोआप निघते, आणि व्हायव्हात ‘टेबलात हा रकाना का ठेवला’ असे विचारले तर उत्तर पाठ करावे लागत नाही. रुग्णालयाचा कारभार कसा चालतो हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे? भाकरीचा कारभार तर तुमच्या घरात चालतो.

कामाची वाटणी करताना ‘एक जण कोड, बाकीच्या फाइल आणि स्पायरल बायंडिंग’ अशी करू नका. एकीने मजकूर, फोटो आणि गटाशी बोलणी, दुसरीने पाने आणि त्यांची रचना, तिसरीने फॉर्म आणि डेटाबेस, चौथीने निरनिराळ्या फोनवर तपासणी आणि अहवाल, अशी केली तर प्रत्येकीच्या हाती स्वतःचे काही राहते. लक्षात ठेवा की गिटहब पेजेसवर पीएचपी चालत नाही. तिथे फक्त दरपत्रकाचे साधे पान राहील, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी पाठवण्याची लिंक द्या आणि डेटाबेसचा भाग परीक्षेपुरता लॅबच्या झॅम्पवर दाखवा. मोबाइल क्रमांक टाकण्यापूर्वी तो कोणाचा टाकायचा हे गटाने ठरवू द्या. एकदा नेटवर गेलेल्या क्रमांकावर मागण्यांबरोबर कर्जवाल्यांचे फोनही येतात आणि त्याचा त्रास एकट्या आईला होऊ नये. पुढे डोमेन घेतले तर ते गटाच्या नावाने आणि गटाच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर डोमेन राहिले आणि तो गाव सोडून गेला, की नूतनीकरणाच्या वेळी दुकानदार हात चोळत बसतात.

विषय मंजुरीसाठी देताना ‘भाकरीची वेबसाइट’ असे लिहू नका. ‘महिला बचत गटासाठी मागणी नोंद व उत्पादन नियोजन प्रणाली’ असे लिहा. काम तेच आहे, पण मंजुरी देणाऱ्या समितीला शीर्षकात ‘प्रणाली’ दिसली की बरे वाटते. त्याला गटाच्या अध्यक्षांच्या सहीचे अर्ध्या पानाचे संमतिपत्र जोडा, आणि त्यात मागण्या सध्या कशा नोंदवल्या जातात ते त्यांच्याच शब्दांत चार ओळींत येऊ द्या. मार्गदर्शकांना विषय खरा आहे हे पटायला तेवढा कागद पुरेल, आणि अहवालाचे पहिले प्रकरणही त्यातूनच लिहून होईल.